रिकाम्या सीटवरून जाणारी हवा

लोकरीचा तो तांबडा तुकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा, एका टोकाला चिकटपट्टीने धरलेला — तो कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर थरथरत होता, म्हणजे आतला पंखा फिरतोय, म्हणजे मोजणी चालू आहे, म्हणजे आकडा अजून आलेला नाही. ती त्या तुकड्याकडेच बघत होती. पडद्याकडे बघायचं धाडस तिला परवा सकाळपासून झालेलं नव्हतं. आईच्या स्वेटरमधून उरलेली लोकर ही. असे सत्तर-ऐंशी तुकडे धाकट्या भावाने गाडीच्या अंगावर चिकटवले होते, हवा कुठून कशी वाहते ते डोळ्यांना दिसावं म्हणून, आणि आई म्हणाली होती, अरे, गाडीला थंडी वाजते की काय... गाडी आता गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे. तुकडे अजून असतील तिच्यावर. बघायला कुणी गेलेलं नाही.

घरीच आखलेली, घरीच जोडलेली, एकट्या माणसाची शर्यतीची गाडी. सांगाडा धाकट्याचा, हवा हिची — ती पंख्यांच्या कारखान्यात पात्यांची आखणी करते, हवेशी तिचा रोजचाच संबंध. कॉम्प्युटरमध्ये गाडी उभी करायची, तिच्यावर हवा सोडायची आणि ही हवा मागच्या चाकांना किती किलोंनी जमिनीवर दाबून धरते तो आकडा काढायचा. चाळीसच्या वर असला तर ठीक. खाली असला तर वेगात वळताना मागची बाजू सुटणार. आणि चौदा महिन्यांपूर्वी, शर्यतीचा अर्ज भरायला चार दिवस उरलेले असताना, तीच म्हणाली होती, "सीटवरचा माणूस काढून टाक. त्याची बोटं, हेल्मेट, खांदे... त्यानेच मोजणी लांबते. रिकामी सीट धरून काढू, एकोणीस-वीसचा फरक पडेल."

"ताई, मी बसणार आहे ना पण त्यात."

"काढ म्हटलं ना."

"काढला," तो म्हणाला होता. पडद्यावर सीट रिकामी होती. आकडा आला एकेचाळीस पूर्णांक सदतीस. तिने तो अर्जावर लिहिला, गाडीचा मागचा पंख, हवा अडवून चाकं खाली दाबणारा, होता तसाच ठेवला, आणि त्या रविवारी बंद पडलेल्या धावपट्टीवर, डबे मांडून आखलेल्या तिसऱ्या वळणाला, मागची बाजू सुटली आणि गाडी मातीच्या बांधावर उलटी झाली. माणसाच्या डोक्यामागे हवा घुसळते. घुसळलेली हवा पंखाला नीट लागत नाही. हे मला माहीत होतं, ती मनाशी म्हणते — दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई म्हणते, तुझा काय गं दोष त्यात, आणि मी मान खाली घालून भाजी चिरत राहते.

म्हणून ही मोजणी. सीटवर माणूस बसवून, बाकी सगळं तसंच ठेवून. चाळीसच्या खाली किती, एवढंच बघायचं होतं. तीस? पंचवीस? आकडा कळला की निदान आपण काय केलं ते तरी किलोत कळेल, असं तिला वाटत होतं, आणि त्यासाठी तिने तीन दिवसांची रजा टाकली होती.

"ताई," पलीकडच्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला, "गाडी कधी चालवायची?"

"आकडा आला की."

चौदा महिने हाच प्रश्न आणि हेच उत्तर. डोक्याला मार बसल्यापासून त्याचा तो रविवार आणि त्याआधीचे काही दिवस पुसले गेलेत. त्यांच्या आधीचं सगळं लख्ख आहे. त्यानंतरचं काही टिकत नाही. तो खिडकीशी खुर्चीत बसून असतो, हात पुढे, मान किंचित उजवीकडे कललेली, अर्ज भरायला अजून दोन दिवस आहेत असं समजून. मान त्याची जन्मापासूनच तशी. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तिने त्याची मापं घेतली होती, अख्खी दुपार, सरळ बस म्हटलं की दोन मिनिटं सरळ, की परत उजवीकडे. शेवटी कंटाळून तिने कॉम्प्युटरमधला माणूसही तसाच केला, उजवीकडे मान टाकलेला. पुढे तेच स्टूल इथे आलं, तिच्या खुर्चीला खेटून, आणि त्यावर बसून तो तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावायचा.

लोकर थांबली.

तिने पडद्याकडे पाहिलं. ४१.३७.

चुकून जुनीच फाइल उघडली असणार. तिने तारीख पाहिली, आजची. वेळ पाहिली, आत्ताची. सीटवर माणूस बसलेला. आकडा तोच, दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या घरापर्यंत. असं होत नाही — सीटवरून एवढं धूड उचललं आणि हवेला त्याचा पत्ताच नाही, असं होत नाही...

मग तिने चौदा महिन्यांत उघडली नव्हती ती रिकाम्या सीटची फाइल उघडली. तेव्हा तिने फक्त आकडा पाहिला होता, घाई होती. आता तिने हवेच्या रेषा काढून पाहिल्या. गाडीच्या नाकावरून निळ्या रेषा सरळ वर आल्या, रिकाम्या सीटपाशी पोचल्या आणि दुभंगल्या. काहीही नव्हतं तिथे. त्या काहीही नसलेल्याला डावी-उजवीकडून वळसा घालून, वरून ओसरून त्या मागे गेल्या. मधे जी पोकळी उरली तिला खांदे होते, आणि वर डोक्याएवढा गोल, उजवीकडे कललेला.

तिने मागे वळून पाहिलं. भर दुपारी, आपल्या घरात, आपल्या टेबलापाशी. आणि आता तिला हेही आठवलं की माणूस काढल्यावर संध्याकाळी संपायला हवी होती ती मोजणी तिसऱ्या दिवशी सकाळी संपली होती, आणि तो म्हणाला होता, कॉम्प्युटर म्हातारा झाला गं.

ती उठून पलीकडे गेली. "सीटवरचा माणूस तू काढला होतास ना?"

तो तिच्याकडे वळला नाही, पण हसला. लहानपणी नावडती भाजी कपाटामागे टाकून 'संपली' म्हणायचा, तेव्हाचं हसू. "नाही काढला. नुसता दिसेनासा केला. तू ओरडली असतीस."

"मला म्हणालास, काढला म्हणून."

"मला सोडून मोजून काय उपयोग? बसलेलाच असेल तो अजून." मग, "आकडा आला का गं?"

"आला."

"चाळीसच्या वर?"

"वर."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. दहा मिनिटांनी तो हे विसरेल.

म्हणजे माझी चूक नव्हती. दारातच उभं राहून तिने हे मनात दोनदा म्हणून पाहिलं. सुटकेचं रडू यायला हवं होतं, आलं नाही. उलट काहीतरी काढून नेल्यासारखं वाटलं. चौदा महिने ती रोज रात्री मनातल्या मनात त्याची माफी मागत होती, तेवढंच दोघांमध्ये उरलं होतं. हवा बरोबर होती. आकडा बरोबर होता. मग तिसऱ्या वळणाला काय झालं, हे त्या सीटवर बसलेल्या एकाच माणसाला माहीत असणार, आणि तो माणूस... तिने खिडकीशी बसलेल्याकडे पाहिलं. हा नव्हे.

ती परत येऊन खुर्चीत बसली, तोवर आई चहाचा कप घेऊन आत आली. "झालं का गं तुझं? तीन दिवस डोळे फोडून घेतेयस," म्हणत आईने कप टेबलावर ठेवला आणि टेकायला म्हणून पायानेच स्टूल ओढलं.

"आई, तिथे नको."

"का? कोण बसलंय?"

आई कपाळाला आठ्या घालून उभीच राहिली. चहा स्टुलाच्या पलीकडच्या बाजूला होता. सरळ हात लांब केला असता तर सहज पोचला असता. पण ती खुर्चीतून उठली आणि अंग चोरून, धक्का लागू नये अशा बेताने, स्टुलाला पुरता वळसा घालून कपापाशी गेली.