कच्चे टाके

मावशी दुकानात वकीलबाईंच्या काळ्या कोटाची बाही बसवत होती आणि भाची तिच्या नाकासमोर मोबाइल धरून यंदाचे फॅशन शो दाखवत होती. चाळीस वर्षं शिवणात घालवलेल्या मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"ही काय गादीची खोळ घालून आलीय? आणि या दुसरीच्या बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत. हिने जेवायचं कसं?"

"अगं मावशी, नावाजलेला डिझायनर आहे."

"असेल. माप घ्यायला विसरला तो."

मग एक कोट आला. त्याच्या बाहीवर पांढरे कच्चे टाके तसेच होते. मावशीने कपाळाला हात लावला. "पक्की शिलाई झाली की कच्चा दोरा काढायचा, एवढंही या शहाण्याला येत नाही. माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता."

"ती स्टाइल आहे."

"स्टाइल कसली, धांदरटपणा आहे."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई कोट घेऊन परत आल्या. काळ्या बाहीवर कच्च्या टाक्यांची पांढरी रांग जशीच्या तशी होती. भाचीने ओठ दाबून धरले.

मावशीने चष्मा पुसला, बाही नीट निरखली आणि ती शांतपणे म्हणाली, "यंदा असंच घालतात, वकीलबाई. विचारा हिला."