रिंग उडाली तेव्हा मी भिंतीआड होतो

मी पिंजरा आहे. जुना, लोखंडी आणि रागीट. मित्रांनो, माझ्यात पोपट बसत नाही. ट्रकचं चाक बसतं, तेही हवा भरून होईपर्यंतच. पण तेवढ्या वेळात मी ज्याला माणसांपासून अडवून धरतो, तो वाघाहून वाईट. त्याचं नाव हवा.

तुम्ही सायकलमध्ये भरता ती हवा गरीब. ट्रकच्या चाकात कोंडलेली हवा दातओठ खात असते. टायर जागेवर धरून ठेवायला त्याच्या कडेला एक लोखंडी रिंग ठोकतात. ती खाचेत नीट बसली तर ठीक. नाही बसली, तर हवा भरता भरता अशी सुटते की डोळ्यांना दिसतही नाही. ती रिंग छातीवर झेलायची, हे माझं काम.

एका वेल्डरने जाड नळ्या वाकवून मला घडवलं. जोड गार झाल्यावर त्याने माझ्यावर घणाचे घाव घातले, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा कुणाला बधणार नाही." आयुष्यात एवढं गोड मला कुणी बोललं नाही.

मी आलो ते दुकान दोघा भावांचं. थोरला गिऱ्हाइकांशी बोलायचा, धाकटा चाकांशी. धाकट्याचे कान म्हणजे दुकानाची दौलत. चाकाला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि बोट टेकवून म्हणायचा, "इथे." सुईच्या टोकाएवढ्या भोकातली फुसफुस त्याला झोपलेल्या मांजरीच्या श्वासासारखी स्पष्ट ऐकू यायची. काम करताना तो आपलं आपण रचलेलं गुणगुणायचा:

चाका चाका, दूर जा,
फिरून माझ्या दारी ये.

गळा बरा होता. मी माझ्या नळ्यांमध्ये ते गाणं घोळवत बसायचो.

पण थोरल्याला मी आवडलो नाही. चाक आत ढकला, आडवा दांडा टाका, हवा भरा, पुन्हा बाहेर काढा. त्याच्या मते मी वेळ खायचो. आधी त्याने माझ्यावर फाटक्या ट्यूब टाकल्या, मग ओली फडकी वाळत घातली. शेवटी मला मागच्या भिंतीआड नेऊन टाकलं. धाकटा म्हणाला, "दादा, असू दे त्याला इथेच." थोरला हसला. "एवढं घाबरायला होतं, तर शिवणकाम शिकायचं होतंस."

भिंतीला खिडकी होती, म्हणून मला सगळं दिसत राहिलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी बाहेर एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. "भर इथेच," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय." धाकट्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. मग भरायला लागला.

रिंग त्याला लागली नाही. लागली असती, तर ही गोष्ट इथेच संपती. ती छपराचा पत्रा फाडून गेली. पण हवेच्या तडाख्याने धाकटा मागे उडाला, डोकं जॅकवर आपटलं, आणि दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार लागली. माझी छाती रिकामी होती. भिंतीआड उभा राहून मी नुसता थरथरलो.

टाके निघाले. सगळे म्हणाले, बरा झाला. मित्रांनो, जखम दिसेनाशी झाली, की लोक ती नाहीच असं धरून चालतात. धाकट्याचा एक कान कायमचा गेला. दुसऱ्याला गोधडीआडून बोलल्यासारखं ऐकू येतं, आणि त्यातच एक शिट्टी वाजत असते, जी दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. ती झोपेतही थांबत नाही. वर पाहिलं की त्याच्याभोवती दुकान फिरतं. उजेड डोक्यात घुसतो. हातातला पाना कुठे ठेवला ते आठवत नाही, मग तो भडकतो.

आणि थोरला? तो मागून ओरडायचा. "ए बहिऱ्या, सोंग पुरे कर."

एकदा धाकट्याची बायको डबा घेऊन आली, तिने ते ऐकलं. "भाऊजी, मागून ओरडू नका. समोर येऊन बोला, कळतं त्यांना."

"जेवायला बोलावलेलं बरं कळतं."

"जेवायला मी समोर येऊन बोलावते."

"टाके निघाले, हिंडतोफिरतो. अजून काय झालंय त्याला?"

"काय झालंय ते तुम्ही मला विचारताय?" असं म्हणून तिने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं.

थोरल्याने मान फिरवली. तेव्हा मला त्याच्या ओरडण्याचं गणित उलगडलं. भाऊ बहिरा झाला असं मान्य केलं, तर कुणी केला हेही मान्य करावं लागणार होतं. म्हणून तो सोंग म्हणत होता. पण ते पाहून मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

उलट त्याने धाकट्याला समोर उभं करून बजावलं, "चाकाजवळ धड उभं राहता येत नसेल, तर घरी बस. मी दुसरा माणूस बघतो. आणि त्या पिंजऱ्याला भंगारात काढतो, नुसती अडगळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भिंत धरत धरत मागे आला. माझ्यावरची फडकी फेकून दिली आणि मला ओढायला लागला. थोडं ओढायचा, घेरी आली की माझ्याच नळीवर कपाळ टेकून थांबायचा, पुन्हा ओढायचा. मी दुकानात येऊन टेकतो न टेकतो, तोच एक ट्रक थांबला.

"मिस्त्री, तो पिंजराबिंजरा नको," ट्रकवाला म्हणाला. "बाहेरच भरा, घाई आहे."

थोरला समोर आला आणि एकेक शब्द तोलून म्हणाला, "ऐकलंस? बाहेरच भर. नाहीतर चालू लाग."

धाकट्याने त्याचे ओठ नीट वाचले. एकही शब्द सुटला नाही. मग शांतपणे पाठ फिरवली.

थोरला त्या पाठीवर ओरडत राहिला. पाठ ऐकत नाही. धाकट्याने चाक माझ्यात ढकललं, दांडा टाकला, कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि लांब जाऊन उभा राहिला.

ट्रकवाला हसला. "शेठ, तुमचा भाऊ ठार बहिरा दिसतोय."

फाटक्या पत्र्यातून उन्हाचा एक तुकडा थोरल्याच्या पायाशी पडला होता, तिकडे पाहत तो फणकारला, "हो. आहे बहिरा. इथेच झालाय. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर चाक उचला."

ट्रकवाला थांबला. मला भंगारात कुणी नेलं नाही, दुसरा माणूसही आला नाही. भाऊ मात्र अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. थोरला काम सांगायला समोर येतो, तोंड वाकडं करून येतो, पण येतो.

मित्रांनो, मला तेल लावा, रंग द्या, असलं काही मी मागत नाही. चाक आधी आत ढकला. घाई असलेल्याला बाहेर उभं राहू दे. आणि ज्याला कमी ऐकू येतं, त्याच्या पाठीमागे ओरडू नका. पुढे या, तोंड दिसू द्या.

धाकटा अजून गुणगुणतो. त्याचं त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून फार मोठ्याने. 'दूर जा'पाशी सूर हुकतो आणि 'दारी ये'पर्यंत सापडत नाही. ऐकायला आलात तर हसू नका. हसताना माझ्या दांड्यात बोट चेमटलं, तर माझ्याकडे रडत यायचं नाही.