सेहेचाळीस नंबरची नळी

“नको! ठेव तो खाली!”

पंचशीलानं स्नेहलच्या हातातला कप एवढ्या जोरात हिसकावला की उरलासुरला चहा भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाला. पोर चार वर्षांची. आईच्या कपातला तळाचा गोड घोट हा तिचा हक्काचा. गेले बारा दिवस आई तो मोरीत ओतत होती, आणि आज कुठे तिला संधी मिळाली होती. तिनं ओठ काढले. तेवढ्यात पंचशीला तिच्या तोंडात बोट घालून विचारायला लागली, “प्यायलीस? गिळलंस का? खरं सांग!” मग तर तिनं भोकाडच पसरलं.

रविवारची सकाळ होती. सासूबाई जाईबाई हिंगोलीकडच्या गावाहून महिनाभर राहायला आल्या होत्या. त्या परातीतलं पीठ मळता मळता थांबल्या आणि बघत राहिल्या. रवीनं, म्हणजे नवऱ्यानं, पेपर बाजूला ठेवला.

“अगं, काय झालं काय? चहाच होता ना?”

“माझ्या कपातलं कुणी प्यायचं नाही. सांगून ठेवते. कुणीच नाही.”

तिनं कप वेगळा घासला, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला. तिचं ताट, वाटी, पेला सगळं तिथंच होतं. बारा दिवस ही मांडणी चालू होती, आणि पूनम सागर सोसायटीतल्या त्या एवढ्याशा घरात ती कुणाच्या लक्षात आली नसेल असं फक्त पंचशीलालाच वाटत होतं. एवढी शिकलेली बाई. पण माणूस घाबरलं की पहिली पळते ती अक्कल.

खरं तर पंचशीला पाईकराव भित्री बाई नव्हे. बी.एस्सी. करून, लॅब टेक्निशियनचा कोर्स करून ती एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागली आणि नऊ वर्षं रोज शंभरेक लोकांच्या दंडात सुया टोचत राहिली. काम चोख. पण सीनियरची खुर्ची रिकामी झाली की तिथं एम.एस्सी. झालेलं कुणीतरी येऊन बसायचं, आणि कुठलं मशिन कुठून चालू होतं हे पंचशीलानं त्याला दाखवायचं. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा रवीच म्हणाला, “तूच का नाही करत एम.एस्सी.? घराचं मी बघतो.” हॉस्पिटलनं दोन वर्षांची रजा दिली. अट एकच, चौऱ्याण्णवच्या जूनपर्यंत डिग्री हातात पाहिजे. जुलैमध्ये सीनियर निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवली होती. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पार पडलं. आता त्र्याण्णवचा ऑगस्ट चालू होता आणि राहिला होता फक्त प्रबंध. विषय होता लिव्हरच्या आजारांत रक्तात होणारे बदल.

आता घात कसा झाला ते. रक्त नळीत गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. ते काचेच्या बारीक पिपेटनं ओढून, मोजून घ्यायचं. पिपेटला रबरी फुगा लावायचा, तोंड लावायचं नाही, असा नियम. विभागाच्या भिंतीवर तशी पाटी होती आणि प्रवेश घेताना प्रत्येकानं त्या नियमाखाली सही केली होती. सही करून झाल्यावर प्रत्येक जण तोंडानंच ओढत होता. फुगे दोन, त्यातला एक फाटका, आणि फुग्यानं वेळ किती लागतो! पंचशीलाला तर नऊ वर्षांची सवय. नळीनं उसाचा रस प्यावा तशी ओढायची आणि नेमक्या रेघेवर थांबवायची, थेंबाचाही फरक नाही. विभागातला जुना टेक्निशियन उत्तम म्हणायचा, “बाईंच्या तोंडात मशिन बसवलंय.” तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी साठ नमुने होते आणि चारच्या आत संपवायचे होते. सेहेचाळीस नंबरच्या नळीत सीरम कमी होतं. तिनं ओढलं, पिपेटचं टोक सीरमच्या वर उघडं पडलं, हवा शिरली आणि सगळं फस्सकन तोंडात आलं. गार. खारट. ती बेसिनकडे धावली, थुंकली, वीस-पंचवीस चुळा भरल्या. कुणी पाहिलं नव्हतं. परत येऊन तिनं सत्तेचाळीस नंबर उचलला. आपण असं कसं केलं, याचं तिला नंतर राहून राहून नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस नंबरचा दुसरा रिपोर्ट आला. ऑस्ट्रेलिया अँटिजन पॉझिटिव्ह. म्हणजे रक्तातून पसरणारी, लिव्हर पोखरणारी कावीळ. पाचव्या दिवशी तो पेशंट गेला. आणि पंचशीलाचं त्या आठवड्यात जागरणांनी तोंड आलेलं होतं. आतून सगळं सोललेलं.

लागण झाल्यापासून दिसायला दीड ते सहा महिने लागतात, हे तिनं पेपरात लिहून मार्क मिळवले होते. आता तेच उत्तर ती रोज आरशासमोर पाठ म्हणत होती. पापणी खाली ओढायची आणि डोळा पिवळा झाला का बघायचं. भूक लागली नाही की भीती, लागली तरी भीती. पुस्तकात कपाचं नाव कुठं नव्हतं, पण ‘लाळ’ असा एक शब्द होता, आणि तेवढा शब्द तिला पुरला. पहिल्या दोन-चार दिवसांत टोचून घ्यायचं औषध असतं हेही ठाऊक होतं. पण त्यासाठी कुणाला तरी सांगावं लागलं असतं. सांगितलं की नियमाखालची सही पुढे येणार, काम थांबणार, खुर्ची जाणार. ती गप्प बसली आणि ते दोन-चार दिवस निघून गेले.

दुपारी खालून कुणीतरी ओरडलं, “टँकर आया! बाल्टी लाओ!” रवी बादल्या घेऊन धावला. पंचशीला पहिली कळशी भरून वर आली तर जाईबाई पिशवीत लुगडी भरत होत्या.

“आई, काय करताय?”

“रवीला म्हणलंय, आजच्याच गाडीत बसवून दे. मी चालले गावाकडं.”

“अहो, पण का?”

“माझं वय झालं बाई, पर डोळे फुटले न्हाईत.” जाईबाईंनी खिडकीच्या कट्ट्याकडे हात केला. “आमच्या गावात हाटेलाच्या मागं भिंतीत खोबण व्हती. आमचे कप तिथं. आपणच इसळायचा, आपणच पुढं धरायचा, मंग ते वरून च्या ओतणार. तुझ्या सासऱ्यानं जल्मात तिथला च्या पेला न्हाई. म्हणायचे, लेकरं शिकू दे, मंग पिऊ. अन् आता शिकलेली सून घरातच येगळा कप मांडायली. पोटचं लेकरू शिवलं तर त्याच्या तोंडात बोट घालायली. मी शिवले तर काय करशील?”

पंचशीलानं कळशी खाली ठेवली. बारा दिवस तिनं काय काय होऊ शकतं याचा किस पाडला होता, पण हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आई, तुमचा कप वेगळा नाही केला मी. माझा केलाय.”

“म्हंजी?”

“काविळीच्या माणसाचं रक्त गेलंय माझ्या तोंडात. कामात. बारा दिवस झाले. तो माणूस मेला, आई. मला लागण झाली असेल तर ती तुम्हाला लागू नये, स्नेहलला लागू नये, म्हणून हे सगळं.”

 जाईबाईंनी दारात उभ्या असलेल्या स्नेहलला हाताला धरून ओढलं, मांडीवर घेतलं आणि पदराखाली झाकलं. त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं, हात आपोआप गेला होता. पण पंचशीलाला बारा दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं ते त्या क्षणी.

जाईबाईंच्याही ते ध्यानात आलं. तरी त्यांनी पोरीला सोडलं नाही.

“रड,” त्या म्हणाल्या. “पर उद्या जाऊन सांग तुझ्या मोठ्या बाईला.”

“सांगितलं तर वर्ष जाईल, आई. ती जागा जाईल.”

“जाऊ दे. मला बी भ्या वाटायलंय. पर असं दडून भ्यायचं न्हाई आपण. पोरगी माझ्यापाशी निजंल. मी काय जात न्हाई आता.”

रवी बादल्या घेऊन वर आला तेव्हा सासू-सुना दोघी रडत होत्या. त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. मग तो तसाच, ओल्या कपड्यांत, खुर्चीवर बसून राहिला.

सुचेता मॅडम म्हणजे विभागप्रमुख आणि पंचशीलाच्या गाइड. आवाज कधी चढायचा नाही, पण त्या खोलीत आल्या की पोरं खुर्ची सरळ करून बसायची. सोमवारी त्यांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं.

“तोंडानं ओढत होतात?”

“हो, मॅडम.”

“पाटी वाचली होती?”

“हो.”

“आणि बारा दिवस काय करत होतात?”

“घाबरले होते.”

 मॅडमनी कपाटातून एक लांबोडकी वही काढून झटकली. अपघात नोंदवही. नऊ वर्षांपूर्वी विभाग सुरू झाला तेव्हाची, आणि पहिल्या पानापासून कोरी. नऊ वर्षांत या खोलीत एकही अपघात झाला नव्हता, असं वही सांगत होती. रकाने चार: तारीख, नाव, कसे घडले, शेरा.

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “पण लिहिलंत की मला वर कळवावं लागेल. सहा महिने नमुन्यांना हात लावता येणार नाही. प्रबंध पुढच्या वर्षावर जाईल. तुमच्या हॉस्पिटललाही कळवावं लागेल. विचार करून लिहा.”

विचार करायला गेलं तर हात उचलणार नाही, हे पंचशीलाला ठाऊक होतं. तिनं भराभर लिहिलं. सीरम तोंडात गेले. पिपेट तोंडाने ओढत होते. शेऱ्याचा रकाना सहा महिन्यांनी भरायचा होता. उत्तमनं तिचं रक्त घेतलं. एरवी सारखी थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी मान वर करून बघितलं नाही त्यानं.

पुढचे सहा महिने असेच गेले. रवी वरवर हसतखेळत वागायचा, पण सकाळी चहा देताना आधी तिच्या डोळ्यांत बघायचा. दिवाळीत तिला एकदा उलटी झाली तर घरात कुणी फराळाला शिवलं नाही, आणि ते निघालं साधं पित्त. महिनाभरासाठी आलेल्या जाईबाई थांबल्या त्या थांबल्याच. स्नेहलला आजीजवळ झोपायची सवय लागली. पुढे पुढे ती आईला लांबूनच टाटा करायला लागली, आणि त्याचं तिला वाईट वाटेनासं झालं. पंचशीलाला मात्र रोज वाटायचं. डिसेंबरात हॉस्पिटलचं पत्र आलं. जूनची अट पूर्ण होत नसल्यानं सीनियरच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली होती. तिनं पत्र वाचलं, घडी केली आणि भाजी चिरायला बसली. त्या वेळी तिला जागेपेक्षा फेब्रुवारीची जास्त काळजी होती.

फेब्रुवारीत शेवटची तपासणी झाली. उत्तम आत टेस्ट लावत होता आणि पंचशीला बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी होती.  रक्त देऊन रिपोर्टची वाट बघणाऱ्या माणसांना ती नऊ वर्षं म्हणत आली होती, “बसा हो, होईल.” एवढं सोपं नसतं ते.

उत्तम कागद घेऊन बाहेर आला. त्यानं तो पुढे केला. निगेटिव्ह. तिनं तीनदा वाचलं. नाव वाचलं, तारीख वाचली, पुन्हा ते वाचलं. मग ती तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडली.

तोंड धुऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम नव्हत्या. टेबलावर नोंदवही होती. शेरा भरावा म्हणून तिनं ती उघडली.

पान कोरं राहिलं नव्हतं. तिच्या नोंदीखाली आणखी नावं होती, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईत. उत्तम, शहाऐंशी आणि पुन्हा नव्वद, दोन्ही वेळा गिळले. सुगंधा, एकोणनव्वद, सुई टोचली. पराग, गेल्या वर्षी, तोंडाने. एकूण अकरा. सगळ्यात शेवटची नोंद बारीक, सरळ अक्षरात होती. सुचेता, एकोणऐंशी, दुसऱ्या कॉलेजात विद्यार्थिनी असताना. तोंडाने. कोणाला सांगितले नाही.

शेऱ्याचा रकाना अकराही जणांचा रिकामा होता. रोज शेकडो लोकांच्या रक्ताचा निकाल सांगणाऱ्या या खोलीत एकानंही स्वतःचं रक्त तपासायला लावलं नव्हतं.

दार वाजलं. मॅडम आत आल्या, त्यांनी उघडी वही पाहिली आणि दाराशीच थांबल्या.

“तुमचं काय आलं?”

“निगेटिव्ह, मॅडम.”

“बरं झालं.”  त्या खुर्चीपर्यंत येऊन उभ्याच राहिल्या.

पंचशीलानं आपला शेरा भरला आणि पेन बंद केलं. मग ट्रेमधून नवी सिरिंज काढली, रबरी पट्टा काढला, आणि टेबलाच्या अलीकडची खुर्ची ओढून दिली.

मॅडम बसल्या. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. हात गार पडला होता. पट्टा बांधायच्या आधी पंचशीलानं तो थोडा वेळ नुसताच धरून ठेवला.