दसऱ्याला पुसलेली पाटी

कट्! दसऱ्याआधीच्या एका दुपारी, शांततेत, माझ्या अंगावर पेन्सिल मोडली. छोट्या वैष्णवीने झोपेत कूस बदलली. तिची आई, अस्मिता, क्षणभर थांबली आणि उरलेल्या तुकड्याने पुन्हा लिहू लागली.

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे आणि मला भयंकर राग आलाय. रागावलेली पाटी तुम्ही पाहिली नसेल; आज बघा.

खाणीतल्या दगडातून मला कापलं, घासलं, लाकडी चौकट ठोकली. बुधवार पेठेतल्या दुकानातून अस्मिताच्या बाबांनी मला आणलं. माझ्यावर ती अक्षरं शिकली तेव्हा माझं केवढं कौतुक! मग वह्या आल्या, मी माळ्यावर गेले. पुढे तिने मला कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आणलं, वैष्णवीसाठी. वैष्णवीला टॅब मिळाला. असो.

यंदा अस्मितानेच मला पुन्हा हातात घेतलं. स्पॅनिशची परीक्षा पास झाली, तर वैष्णवीच्या वेळी सोडलेली नोकरी तिला परत मिळणार होती. भूतकाळातली क्रियापदं तिला फार छळत. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणं. ‘मी शोधलं’ लिहिताना उच्चार टिकवायला सी जातो, क्यू-यू येतो. ‘येगार’ म्हणजे पोहोचणं. तिथे ‘जी’ या अक्षरानंतर यू घुसतो. जे चुकायचं, तेवढंच ती माझ्यावर लिहून ठेवी, पोळ्या आणि शाळेची बस यांच्या मधल्या वेळात. हळूहळू मी दोन्ही बाजूंनी भरले. इतकी देखणी मी कधीच नव्हते!

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी ओल्या फडक्याने मला लख्ख पुसलं. पाटीपूजन होतं ना! वैष्णवीने माझ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. स्पॅनिशचं पुस्तकही हळदकुंकू लावून माझ्या शेजारी मांडलं.

अस्मिता आली आणि जागीच थबकली.

“अहो आई, माझं लिहिलेलं?”

“पुसलं. पूजेला खरडलेली पाटी ठेवायची का?”

“उद्या सकाळी परीक्षा आहे माझी. निदान पुस्तक तरी घेऊ द्या.”

“आज पुस्तकाला हात लावत नाहीत. सरस्वतीला नमस्कार कर. तिला स्पॅनिश येत नसेल, तर तेही तूच शिकव.”

विद्येच्या पूजेसाठी विद्याच पुसली! मला ओरडता आलं असतं, तर चौरंग हादरला असता. मित्रांनो, पाटी पुसायला एक फडकं पुरतं. भरायला कुणाचा तरी जीव आटतो. पुसण्याआधी विचारा तरी!

अस्मिता चौरंगापुढे डोळे मिटून क्रियापदं पुटपुटत होती, मध्येच अडत होती. वैष्णवी तिला येऊन टेकली.

“आई, सरस्वती पुसली तर पाप लागतं ना?”

“हं.”

“मग तुझं पुसलं, ते कुणाला लागलं?”