खुर्चीखालचा नंबर

हॅलो म्हणणं हे माणसांचं काम. मी नुसतं वाजायचं, कोणीतरी मला उचलायचं, आणि पुढचं बोलणं सगळं त्यांचं. एकतीस वर्षांत 'तुझं काय चाललंय बाबा' असं मला कोणी विचारलं नाही. म्हणून आज न विचारता मीच बोलतोय. मी भिंतीवरचा टेलिफोन. रंग मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला. बाराही बटणं शाबूत आहेत, फक्त पाच आणि शून्य हे आकडे बोटांनी पुसून टाकलेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझी सगळी बटणं एकेकदा दाबली, रिसीव्हर कानाला लावला, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. लहानपण एवढंच.

खोक्यातून बाहेर आलो तो तीन खोल्यांच्या एका घरात. पुढे बसायची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे आत्याची कामाची खोली. आत्या म्हणजे या घरातल्या मुलीची आत्या. पण सगळी गल्लीच तिला आत्या म्हणते, मग मी तरी वेगळं काय म्हणणार? वेताच्या खुर्च्या विणणं हा तिचा धंदा. मागच्या खोलीत पाण्याचा मोठा टब असतो, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत असतात. टबाशेजारच्या भिंतीवर मला ठोकलं. लाइन मात्र घेतली तिच्या थोरल्या भावाच्या नावावर. हे दादा एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि त्या काळी त्यांच्या सहीला वजन होतं.

आत्याची एक पद्धत आहे. खुर्ची विणून झाली की ती उलटी करायची आणि खालच्या लाकडावर तापल्या सळीने माझा नंबर डागायचा. सहा आकडे, ठसठशीत. कागद चिकटवला तर निघतो, रंग लावला तर उडतो, डागलेलं लाकडाबरोबरच जातं. वेताची वीण दहा-बारा वर्षं टिकते. ती सैल पडली की माणूस खुर्ची उलटी करतो आणि फोन करतो. म्हणजे आत्या आज विणते आणि मी वाजतो बारा वर्षांनी. अशा चार हजारांवर खुर्च्या गावभर पसरल्या आहेत. कोणाच्या जेवणाच्या टेबलाशी, कोणाच्या दवाखान्यात, कोणाच्या माळ्यावर.

तिला मोबाइल घेऊन दिला होता. पण वेत ओढून ओढून तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली आहेत, आणि वर कायम ओली, की ती काच तिला ओळखच दाखवत नाही. मी दाखवतो. माझं बटण दाबलं की दबतं.

आणि एक दिवस टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. गल्लीतल्या तांब्याच्या तारा काढणार, तीन महिन्यांनी जुन्या लाइनी बंद. पुढे घरात फोन हवा असेल तर तो इंटरनेटवरून घ्यावा.

दादांनी पत्र दोनदा वाचलं, त्याला भोक पाडलं आणि फाइलला लावलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांची फाइल सुटली नव्हती. "मोबाइल आहेत की घरात," ते म्हणाले. "हा डबा हवाय कशाला?"

मला डबा म्हणालेलं मी विसरलेलो नाही.

"आणि माझ्या खुर्च्यांचं काय?" आत्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "चार हजार घरं फिरून सांगत बसू का, की नंबर बदलला म्हणून? हाच नंबर राहिला पाहिजे. इंटरनेटवरून येऊ दे नाहीतर आभाळातून, मला फरक पडत नाही."

तिने खडूने माझ्याशेजारी भिंतीवर तीन प्रश्न लिहिले. नंबर हाच राहील का? फोन हाच चालेल का? वीज गेली तर काय? मग एकेका कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. माझ्याच तोंडून माझ्या बदलीची चौकशी. काय करणार, मी इमानदारीत सगळं पोचवलं.

पहिल्या कंपनीची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, आम्ही नवीन नंबर देतो ना, एकदम सोपा. लगेच लक्षात राहील."

"माझ्या लक्षात राहून काय उपयोग? तो खुर्चीच्या लक्षात राहायला हवा," आत्या म्हणाली. त्या मुलीला काही कळलं नाही. भिंतीवर तिच्या कंपनीच्या नावापुढे फुली.

दुसरी कंपनी नंबर ठेवायला तयार होती, पण फोन त्यांचाच घ्यावा लागणार होता, काचेचा. फुली. तिसऱ्या ठिकाणी एक संथ बोलणारे गृहस्थ निघाले. नंबर राहील, म्हणाले. जुना फोन एका छोट्या डबीला जोडून चालेल. "वीज गेली तर मात्र बंद पडेल. खोटं कशाला सांगू? बॅटरी ठेवा एक, तीन-चार तास निघतील." त्यांच्या नावापुढे आत्याने बरोबरची खूण केली. जो काय चालणार नाही ते सांगतो, त्याचं बाकीचं खरं मानायला हरकत नाही, असा तिचा हिशेब.

दादांची मुलगी एका दाताच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम करते. तिथे गेल्याच वर्षी असा बदल झाला होता, त्यामुळे तिला यातलं कळत होतं. रात्री जेवताना तिने बजावलं. "बाबा, एक लक्षात ठेवा. जुनी लाइन चालू असेल तरच नंबर नव्या कंपनीकडे जातो. आधी लाइन बंद केली तर नंबर हातचा गेला. रविवारी मला सुट्टी आहे, आपण बसून अर्ज भरू. तोवर कशालाही हात लावू नका."

दादा पेपर वाचत होते. "हं," म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मला कळायला हवा होता. असे 'हं' मी आयुष्यभर वाहून नेलेत, त्यात ऐकलेले फार थोडे.

दादांचा नोकरीतला एक नियम होता. जुनी फाइल बंद केल्याशिवाय नवी उघडायची नाही. छत्तीस वर्षं त्यांनी तो मोडला नाही, आणि त्याचं सगळ्या ऑफिसला कौतुक होतं. शुक्रवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून टेलिफोन ऑफिसात गेले, लाइन बंद करायचा अर्ज दिला आणि पावती घेऊन आले.

सव्वा वाजता माझ्यातला आवाज गेला. तुम्ही रिसीव्हर उचलल्यावर ती जी घूं ऐकू येते ना, तो आमचा श्वास असतो. वादळात, अंधारात, एकतीस वर्षांत तो कधी तुटला नव्हता. मला भीती वाटली, हे सांगायला लाज कसली?

आत्याने ओल्या हाताने मला उचललं, दोनदा कळ दाबून पाहिली. "दादा, फोन मेलाय."

"मेला नाही, बंद केलाय. रीतसर," दादा अभिमानाने म्हणाले. "आता रविवारी नवं काम कोऱ्या पाटीवर."

संध्याकाळी मुलगी आली, तिने पावती वाचली आणि ती खुर्चीवर बसलीच. "बाबा, मी सांगितलं होतं ना?" जुनं गेलं, नवं आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. तिने त्या संथ गृहस्थांना आपल्या मोबाइलवरून विचारलं. बंद झालेला नंबर तीस दिवस पडून राहतो, ते म्हणाले, मग तो दुसऱ्या कोणाला देतात. तीस दिवसांच्या आत जुन्या कंपनीने लाइन परत चालू केली, तरच काही करता येईल.

आत्या ओरडली नाही. तिने पट्टी ओढली ती मधोमध तुटली. तिच्या हातून वेत तुटलेला मी कधी पाहिला नव्हता. "माझी माणसं फोन करणार आणि उचलणार भलतंच कोणी," ती म्हणाली. "असं व्हायचं नाही. तीस दिवस आहेत ना? पुष्कळ झाले."

लाइन परत चालू करायच्या अर्जात यंत्राचा क्रमांक मागितला होता. तो माझ्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात. "यंत्रच नेते," म्हणत आत्याने मला भिंतीवरून उतरवलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. अशा रीतीने मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो.

दादा बरोबर होते. टेलिफोन ऑफिसात चार नंबरच्या खिडकीत चष्मा दोरीला बांधलेल्या एक बाई होत्या. दादांनी अर्ज सुंदर अक्षरात लिहिला होता. कारणाच्या रकान्यात होतं, 'तांत्रिक कारणास्तव'.

"लाइन तर धडधाकट होती. तांत्रिक कसलं?" बाईंनी अर्ज परत दिला.

दादांनी तिथेच दुसरा लिहिला. 'गैरसमजातून'.

"कोणाच्या?" बाईंनी चष्मा काढला. "हे बघा साहेब, आमची चूक असेल तर आम्ही लगेच चालू करतो. तुमची असेल तर तसं स्वच्छ लिहून द्या. लाइन ज्याच्या नावावर, त्याच्या सहीने. हे अधांतरी मला वर पाठवता येत नाही."

दादांचे कान लाल झाले. "मी छत्तीस वर्षं ऑफिस चालवलंय. असला कागद माझ्या हातून कधी गेला नाही."

"मग आज जाऊ दे की," आत्या म्हणाली.

दादा पेन खिशाला लावून बाहेर पडले.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात दोन हट्टी माणसं होती. आत्या दादांना एका शब्दाने विनवत नव्हती. रोज सकाळी मला पिशवीत घालायची, "जाऊन येते" म्हणायची आणि खिडकीपुढे उभी राहायची. रोज तेच उत्तर, सही भावाचीच हवी. साहेबांना भेटली, मोठ्या साहेबांना भेटली. चार नंबरच्या बाई तिला लांबूनच ओळखू लागल्या, पाणी विचारू लागल्या. नियम मात्र नियमाच्या जागी. घरी आल्यावर मुलगी बापाकडे बघायची, आणि बाप फाइल उघडून बसायचा.

बाविसाव्या दिवशी, आत्या निघायच्या आधीच, दारावर टकटक झाली. दादांनी दार उघडलं. बाहेर स्कूटरवर खुर्ची बांधून एक गृहस्थ उभे होते.

"खुर्च्या विणणाऱ्या बाईंचं घर हेच ना? तीन दिवस नंबर लावतोय, लागतच नाही. बायको म्हणाली, वयस्कर होत्या, गेल्या असतील. खुर्ची फेकूनच देणार होतो. म्हटलं, एकदा गल्लीत विचारून बघावं."

"गेल्या नाहीत," दादा म्हणाले. त्यांनी खुर्ची स्वतः सोडवली, आत आणली, उलटी केली आणि डागलेल्या सहा आकड्यांवरून अंगठा फिरवला. त्यांच्या बहिणीला लोक मेलेली समजू लागले होते, आणि त्याची पावती त्यांच्या फाइलमध्ये रीतसर लावलेली होती.

आत्या पिशवी घेऊन आली तेव्हा दादा बूट घालून दारात उभे होते. मला त्यांनीच हातात घेतलं.

खिडकीपुढे त्यांनी एकटाकी लिहिलं. चार नंबरच्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं. 'लाइन मी बंद केली. असं करू नका, हे मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. नंबर माझ्या बहिणीचा आहे, तो तिला परत द्यावा.'

बाईंनी शिक्का मारला. येताना आत्याने पिशवीचा एक बंद स्वतः धरला आणि एक दादांच्या हातात राहू दिला.

सव्विसाव्या दिवशी माझा श्वास परतला. त्याच दिवशी नव्या कंपनीला अर्ज गेला, आणि तो मंजूर होईपर्यंत दादा टेलिफोन ऑफिसच्या रस्त्यालासुद्धा फिरकले नाहीत. मग ती छोटी डबी आली. मुलीने ती पुढच्या खोलीतल्या राउटरला जोडली, बॅटरी लावली. तिथून माझ्यापर्यंतची तार दादांनी भिंतीच्या कडेने नेली, दर वितीला एक खिळा. त्यांच्या फायलीसुद्धा नसतील इतकी ती तार सरळ आहे.

डबीवर हिरवा दिवा लागला, घूं आली, पण नंबर काही फिरेना. दोष माझा होता. मी जुन्या वळणाचा, पाच दाबला की पाचदा टकटक करून सांगणारा, आणि डबीला कळत होते फक्त बटणांचे सूर. माझ्या पोटाशी त्यासाठी एक बारीक कळ आहे. एकतीस वर्षांत तिला कोणी हलवलं नव्हतं, ती गंजून बसली होती. आत्याने वेत विणायच्या टोच्याने ती सरकवली. दुखलं, पण सरकली. म्हातारपणी मीही सुरात बोलायला शिकलो.

बाहेर फोन लागत होते. आत येणारे दुपारनंतर सुरू होतील, असं नव्या कंपनीने कळवलं होतं. दादांनी त्या दिवशी दुपारची झोप टाळली आणि स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले. आत्या टबाशी विणत होती. वर बघत नव्हती, पण वीण नेहमीपेक्षा हळू चालली होती.

चार वाजून वीस मिनिटांनी मी वाजलो. दादा उठताना स्टूल पडलं.

"हॅलो? मी तुम्हाला ओळखत नाही," पलीकडे एक बाई होत्या. "आईची खुर्ची आहे, तिच्याखाली हा नंबर दिसला. फार जुना आहे, लागेल असं वाटलं नव्हतं. खुर्च्या विणणाऱ्या बाई अजून आहेत का?"

दादांनी घसा साफ केला. "आहेत. थांबा, देतो." आणि आत्याचे हात पाण्यात होते म्हणून त्यांनी मला तिच्या कानाशी धरलं. बोलणं होईपर्यंत, चांगली दहा मिनिटं, ते तसेच वाकून उभे राहिले.

आता मी इंटरनेटचा फोन आहे. आवाज माझा, श्वास त्या डबीचा. वीज जाऊन चार तास झाले की मी मुका होतो, हे मला टोचतं. पण मी भिंतीवर आहे आणि नंबर तोच आहे. तुमच्या घरी नवं काही आणाल तर खुशाल आणा. फक्त ते बोलू लागेपर्यंत जुन्याचा गळा दाबू नका, आणि त्याच्या भरवशावर कोण बसलंय ते एकदा विचारा. आणि कधी एखादा जुना नंबर सापडला, तर लावून बघा. दोनदा वाजून कोणी उचललं नाही म्हणून माणूस गेलं असं धरू नका. जरा वाजू द्या मला. खुर्च्या विणणाऱ्या बाईंना उठायला वेळ लागतो, पण त्या आहेत.