बाळंतिणीची खोली

श्यामलाबाईंनी पंख्याचं बटण बंद केलं, शेगडी पलंगाजवळ सरकवली आणि निखाऱ्यांवर मूठभर ओवा नि बाळंतशेपा टाकल्या. तडतड आवाज झाला, धूर वर चढला, आणि कानाला स्कार्फ बांधून पडलेल्या अवनीने डोळे न उघडताच म्हटलं,

"आई, मी उकडून मरेन."

"बाळंतिणीने असलं अभद्र बोलू नये. जरा ऊब लागली तर माणूस विरघळत नाही."

"ऊब? बाहेर एक्केचाळीस आहे आणि आपल्या डोक्यावर गच्ची आहे. हे छत नाही गं, तवा आहे तवा."

श्यामलाबाईंनी पाळण्यातल्या नातीचं टोपडं सारखं केलं, दुपट्याचं टोक तिच्या पायाखाली खोचलं आणि खिडकीची कडी नीट बसली आहे ना, ते हाताने चाचपून पाहिलं. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती! डिंकाचे लाडू झाले होते, अळिवाची खीर रोज होत होती. सव्वा महिना लेक नि नात या खोलीतून हलायच्या नाहीत, हे त्यांनी हिंजवडीहून रोज चौकशी करणाऱ्या जावयालाही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. केदार बिचारा एसी बसवून देतो म्हणाला, तर त्याला म्हणाल्या, "पुण्यात एसी? लोक हवा खायला पुण्यात येत होते हो!" आता पुण्याच्या माणसाने एकदा पुण्याच्या हवेचं नाव काढलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. केदार नागपूरचा. त्याने फोन ठेवला.

बाहेरच्या खोलीतून दत्तप्रसादांचा आवाज आला. कोथरूडच्याच एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचा वर्ग म्हणजे घरातला एकुलता एक विद्यार्थी, बायको.

"अगं, ती म्हणते ते खरं आहे. ऊन पूर्वीचं राहिलेलं नाही. कोळसा जाळा, पेट्रोल जाळा, डोंगर फोडा, वर काँक्रीट ओता... माणसांनीच हवा तापवून ठेवली आहे."

"माणसांनी? माणूस केवढा, आभाळ केवढं! आभाळाला कोण काय करणार? तुमचं आपलं काहीतरीच."

"म्हणजे आपोआप तापलं?"

"उन्हाळा आहे तो. उन्हाळ्यात तापतं. ही अवनीसुद्धा वैशाखातच झाली होती, आणि पंखा नव्हता तेव्हा. शेगडी मात्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा होती. काही झालं का तिला?"

"झालं ना," अवनी पलंगावरून म्हणाली. "इंजिनिअर झाले."

यावर दत्तप्रसाद हसले, श्यामलाबाईही हसल्या, आणि शेगडी होती तिथेच राहिली.

त्या हट्टी होत्या असं कुणी म्हणेल. पण हट्टापेक्षा ती भीती होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. श्यामलाबाईंची थोरली बहीण हेमाताई बाळंत झाली ती ऐन श्रावणात. खोली कोंदट झाली म्हणून आईने रात्रभर खिडकी उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी हेमाताईला ताप चढला आणि तो तिला घेऊनच उतरला. ताप कशाने आला कोण जाणे! दवाखान्यात काहीतरी वेगळंच नाव सांगितलं होतं. पण घरात सगळे म्हणाले, वारं शिरलं. आणि आई मरेपर्यंत, जेवता जेवता, भाजी निवडता निवडता, मध्येच हात थांबवून म्हणायची, "मी ती खिडकी लावायला हवी होती." श्यामलाबाईंनी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या की त्यांचा हात आधी कडीकडेच जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. जेवणं आटोपली होती. श्यामलाबाई बाळाला मांडीवर घ्यायला गेल्या आणि दचकल्या. पोर तापलं होतं. नुसतं अंग गरम नव्हतं, हाताला चटका बसावा असं. ओठ सुकले होते. रडतही नव्हतं नीट, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढत होतं.

"अवनी, हिने दूध कधी घेतलं?"

"सकाळी घेतलं. मग झोपलीच आहे. का गं?" अवनी उठून बसली आणि आईचं तोंड बघून तिचा आवाज चढला. "आई, काय झालं? बाबा! बाबा, रिक्षा बोलवा!"

रिक्षात श्यामलाबाईंनी पदराने बाळाचं डोकं झाकलं, मग पदर काढला, मग पुन्हा झाकला. झाकावं की उघडं ठेवावं, हेच त्यांना कळेना. पौड रोडवरून येणारी झळ भट्टीचं दार उघडल्यासारखी तोंडावर येत होती. देवा, हिचं काही झालं तर! त्यांना आईचा तो भाजी निवडता निवडता थांबलेला हात दिसत होता, आणि तो आता आपल्याच हाताच्या जागी येऊन बसणार, असं वाटत होतं.

मुलांच्या दवाखान्यात बाळाला लगेच आत नेलं. सुई टोचली, रक्त घेतलं, सलाईन लावलं. एवढ्याशा हाताला एवढी मोठी पट्टी! केदार हिंजवडीहून निघाला तो गर्दीत अडकून संध्याकाळी पोचला, तोवर ताप उतरायला लागला होता. अवनीच्या कुशीत पोर पहिल्यांदा नीट रडलं आणि चुरूचुरू दूध ओढू लागलं. दत्तप्रसादांनी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला.

डॉक्टरीणबाई अवनीच्याच वयाच्या होत्या. तपासण्यांचे कागद बघून त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"इन्फेक्शन वाटत नाही. रात्रभर ठेवून घेऊ, उद्या सोडू. उष्णतेने झालं आहे. अंगातलं पाणी कमी झालं होतं." मग त्यांनी मान वर केली. "खोलीत काय काय असतं? खिडक्या बंद? शेक-शेगडी?"

श्यामलाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी अवनी म्हणाली,

"मीच लावून घ्यायचे डॉक्टर खिडकी. मला थंडी वाजायची. शेगडीही मीच मागायचे."

श्यामलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. अवनी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती बाळाच्या दुपट्याची घडी उगाचच मोडून पुन्हा घालत होती. आजीचं ते वाक्य या पोरीनेही लहानपणापासून ऐकलेलं आहे, हे श्यामलाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. आईच्या वाट्याला तसलं वाक्य येऊ नये, म्हणून पोर ते स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. त्यांचे डोळे भरून आले.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "ती तर रोज नको म्हणत होती. मी लावत होते खिडकी. पंखाही मीच बंद करायचे. शेगडी दोन्ही वेळा."

"आई..."

"थांब गं. मला बोलू दे."

डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"आजी, शेगडी पुन्हा नाही. बंद खोलीत निखारे म्हणजे जिवाशी खेळ, ते कुठल्याही ऋतूत. खोली गार ठेवायची, अंगावर एकच पातळ झबलं, दूध सारखं पाजायचं. पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुमच्या आईच्या वेळची हवा वेगळी होती. आता हवाच अशी झाली, त्याला तुम्ही काय करणार? कुणाचाच दोष नाही यात."

किती चांगल्या मनाने बोलली पोरगी! दुसरं कुणी असतं तर हायसं वाटून घरी गेलं असतं. पण श्यामलाबाईंच्या गळ्याखाली ते उतरेना. बाहेरच्या बाकावर त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"अहो."

"हं."

"चार निखारे असतात हो त्या शेगडीत. चार निखाऱ्यांनी अख्खी खोली तापते?"

"दारं-खिडक्या लावल्या की तापते."

"आणि तुमची ती पृथ्वी? तिला खिडकी आहे?"

असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळावा म्हणून दत्तप्रसाद शाळेत जन्मभर झुरले होते. आज तो मिळाला, तर त्यांना शिकवावंसं वाटेना.

"नाही गं," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला.

घरी आल्यावर केदार म्हणाला, "आई, राग मानू नका. यांना हिंजवडीला घेऊन जातो. तिकडे एसी आहे."

श्यामलाबाई बॅग भरायला उठल्यासुद्धा. सांगायला तोंड उरलं नव्हतं. पण अवनीच हटून बसली. "मी कुठेही जाणार नाही. सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. बसवायचा तो एसी इथे बसव." आणि आईकडे वळून म्हणाली, "लाडू कोण करणार तिकडे? केदार?"

मग एसी आला. दोन माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, धूळ उडाली. श्यामलाबाईंनी त्या दोघांना पन्हं करून दिलं. दुपारपर्यंत खोली गार झाली. बाळ हातपाय पसरून झोपलं. अवनीने स्कार्फ काढून उशाशी ठेवला आणि तीही घोरायला लागली. श्यामलाबाईंनी नातीच्या पोटावर हात ठेवून पाहिला. गार होतं. छान, मऊ, गार. त्यांना इतकं बरं वाटलं की रडू आलं.

डोळे पुसून त्या बाहेर आल्या.

"केदार, आतली गरमी जाते कुठे हो?"

"बाहेर, आई." तो मोबाइलमध्ये बघत होता.

"बाहेर म्हणजे?"

केदारने मान वर केली. "म्हणजे... बाहेर. मागे यंत्र लावलंय ना, ते फेकतं."

श्यामलाबाई मागच्या गॅलरीत गेल्या. यंत्र घरघरत होतं. त्यांनी समोर हात धरला आणि चटकन मागे घेतला. त्यांच्या शेगडीला लाजवील अशी धग होती. आणि ती जात होती सरळ समोर, बी विंगमधल्या यमुनाबाईंच्या खिडकीत. दोन विंगांच्या मध्ये अंतर ते केवढं! काठीने कपडे वाळत घालताना एकमेकींची काठी लागायची. यमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, घरात एक जुना पंखा. त्यांच्या खिडकीचा पडदा गरम वाऱ्याने सारखा आत उडत होता.

यंत्र दुसरीकडे लावता येईल का, हे त्यांनी त्या माणसांना फोन करून विचारलं. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर येतं, म्हणाले. बंद करू का, असंही क्षणभर मनात आलं. मग आतून बाळाने झोपेत सोडलेला सुस्कारा ऐकू आला. बंद करण्याचं नाव काढायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांनी केस सारखे केले आणि चपला घातल्या.

"उन्हाची कुठे निघालीस?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"यमुनाबाईंकडे. सांगून येते."

"काय सांगणार? अगं, सगळेच लावतात एसी. कुणी कुणाला सांगायला जातं का?"

"हो ना," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

बी विंगचा जिना चढताना त्यांना धाप लागली. दोनदा घंटी वाजवल्यावर यमुनाबाईंनी दार उघडलं. कपाळावरून घाम निथळत होता, हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्यानेच त्या वारा घेत होत्या. श्यामलाबाईंना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! नात बरी आहे ना? जीव टांगणीला लागला होता हो माझा. बसा. पाणी आणते." त्या पुठ्ठा हलवत आत वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काय ही हवा झालीये हल्ली! आज तर फारच उकडतंय, नाही?"

श्यामलाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यातलं थोडं आमच्याकडचं आहे."