चढावर नेलेली पुराची शिळा

फिर्मेंचं मी काय वाकडं केलं होतं, सांगा. आमच्या मोंब्रेज गावाचा तो नगराध्यक्ष. यंदाच्या वसंतात त्यानं मला नदीवरच्या धुण्याच्या घाटावरून उपटलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि चढावर नगरपालिकेच्या भिंतीत बसवलं. खाली लाल फुलांची पेटी टांगली. मला विचारलं मात्र नाही.

मित्रांनो, मी एक जुनी उभी शिळा आहे, माणसाहून हातभर उंच. अक्षरं मला येत नाहीत. आकडे तेवढे येतात, कारण ते माझ्या अंगावर कोरलेत. ब्रेज नदी आमच्या गावाला तीन बाजूंनी वेढा घालते. चौथ्या बाजूला टेकडी. तिच्यावर चर्च आणि पैसेवाले. खाली आम्ही: कातडी कमावणारे, धुणं धुणाऱ्या बाया, आणि घाटाहूनही खोलगट असं बेडकांचं कुरण. तिथे शहाणा माणूस गाईखेरीज काही ठेवत नसे.

पूर ओसरला की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं माझ्यावरच्या चिखलाच्या डागावर बोट ठेवायचं आणि पाथरवटानं तिथेच रेघ कोरायची, अशी आमची रीत. १७८३. १८४६. १९३०. शेवटच्या वेळी कातड्याच्या कारखान्याचा मालक पाथरवटाला म्हणाला, रेघ जरा खाली घे, गिऱ्हाईक बिचकतं. पाथरवटानं ऐकून घेतलं आणि छिन्नी बोटाखालीच लावली. मालक बूट आपटत गेला.

बाया माझ्याशी पोरांना उभं करून त्यांची उंची बघत. पुढे कारखाना बंद पडला, घरोघरी धुण्याची यंत्रं आली, घाट ओस पडला. माझ्यावर शेवाळ चढलं. चढू दे. खोटं तर बोलत नव्हते.

आता बोलते. चढावर माझ्या रेघा सांगतात की पाणी नगरपालिकेच्या खिडक्यांपर्यंत आलं होतं. पाहुणे हसतात. आणि फिर्में खाली बेडकांच्या कुरणात घरांचे प्लॉट विकतो. नावसुद्धा बदललंय, म्हणे सोनकुरण.

परवा दवाखान्यातली नर्स माएल आली. सातवा महिना, हातात प्लॉटचे कागद. माझ्यावरून हात फिरवून तिनं विचारलं, हे खरं का?

"अहो मादाम, ही खरी असती तर माझी खुर्ची पोहत असती," फिर्में म्हणाला.

ती बिचारी हसली आणि पिशवीत पेन शोधू लागली. माझ्यामुळेच तिची भीती गेली होती.

बाकावर ओनोरीन बसली होती, वय शहाण्णव, मांडीवर बाजारातल्या भाजीची जुडी. तीसच्या पुरात ती सहा वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून वाचली.

"पोरी, सही मागाहून कर. आधी माझ्याबरोबर खाली चल."

फिर्में म्हणाला, "मादाम ओनोरीन, तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही."

"माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत. तू या शिळेचं बघ."

दोघी उतरल्या. मला वरून सगळं दिसत होतं. घाटाच्या भिंतीत माझ्या जागी खाच उरली आहे. ओनोरीननं माएलला त्या खाचेपुढे उभं केलं आणि काठी उचलली, तीसच्या पाण्याएवढी, माएलच्या डोक्याच्याही वर, आणि तशीच धरून ठेवली. माएलनं काठीकडे पाहिलं, मग खालच्या कुरणाकडे. कागदांची घडी घालून तिनं ते पिशवीत टाकले.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिची जागाही जपा. नुसती चकाकी देऊन भलतीकडे टांगलीत, तर तिच्या तोंडून भलतंच वदवाल.

संध्याकाळी फिर्में फुलांना पाणी घालायला आला. तोंड पाडलेलं, माझ्याकडे बघेना. तेव्हा मीच बोलले, ऐकू येईल असं.

"फिर्में, मला खाली ने, त्याच खाचेत, त्याच उंचीवर. जमत नसेल तर छिन्नी आण आणि तिन्ही रेघा खरवडून टाक. कोरी राहीन मी. पण इथे नटून उभी राहून लेकुरवाळ्यांना बुडायला पाठवणार नाही."